शनिवारची भरती

आमच्या कप्तानाला अक्कल नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. तीस वर्षं ज्यानं पश्चिमेकडच्या बेटांच्या प्रत्येक वाळूवर कोळशाची बोट चढवली आणि धडधाकट उतरवली, त्याला बेअक्कल म्हणणारा मी कोण? पण त्या शनिवारी सकाळी फर्कर गिलिस आपली सगळी अक्कल टोबरमोरीच्या पोस्टात विसरून आला होता, आणि हे मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

"फर्कर, वेग कमी कर!" इंजिनखोलीच्या झाकणातून डोकं बाहेर काढून मी ओरडलो.

"तू तुझं इंजिन बघ, टेलफर!"

"इंजिनच बघतोय! ते मला विचारतंय, आपल्याला बेटावर थांबायचंय की बेट फोडून पलीकडे जायचंय?"

सुकाणू दोन्ही हातांनी, डाव्या हाताच्या आखूड करंगळीसकट, घट्ट धरून तो समोरच्या वाळूकडे असा बघत होता, की जणू तिनं त्याचं काही चोरलंय. पुढे इवन उभा होता, डेकवरचा आमचा एकुलता एक माणूस. तो कधी फारसा बोलत नाही, पण त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मग तळाखाली खरखर झाली, बोट एकदा उसळली, पुढे घसरली, अजून पुढे घसरली आणि हेलसे बेटाच्या वाळूवर अशी जाऊन बसली की नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, उडी मारली असती तर गवतावर पडलो असतो. चुलीवरची किटली खाली आली. माझा चहा गेला.

आता यात चुकलं काय ते सांगतो. आमची «जेनेट ग्रे» सहासष्ट फुटांची, सपाट बुडाची, पोटात नव्वद टन कोळसा. ज्या बेटांना धक्का नाही तिथे आम्ही भरतीबरोबर वाळूवर चढतो, पाणी उतरलं की बोट कोरड्यात बसते, लोक घोडागाड्या घेऊन थेट बोटीला भिडतात, कोळसा उपसला जातो, आणि रिकामी झाली की पुढची भरती बोटीला उचलून नेते. साधं काम आहे. पण त्याचा एक नियम आहे, आणि तो आमच्यात शेंबडं पोरही जाणतं: उधाणाच्या सगळ्यात मोठ्या भरतीच्या अगदी माथ्यावर बोट चढवायची नाही. कारण त्यानंतर प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा वीतभर बुटकी असते, आणि एकदा भांगाचे, म्हणजे बुटक्या भरत्यांचे, दिवस लागले की पाणी तुमच्या बोटीपर्यंत यायचंच बंद होतं. मग बसा चौदा दिवस, पुढच्या उधाणाची वाट बघत, बेटावरच्या मेंढ्यांशी गप्पा मारत.

त्या सकाळची भरती उधाणातली सगळ्यात मोठी होती. फर्करनं बोट तिच्या माथ्यावर चढवली, आणि तीही पूर्ण वेगानं.

वाचायचा एकच मार्ग होता. संध्याकाळच्या भरतीच्या आत बोट पूर्ण रिकामी झाली तर ती हलकी होऊन तरंगली असती. पण नव्वद टन उपसायला आम्हाला एरवी तीन भरत्या लागतात. आणि दुसरा दिवस रविवार. हेलसेवर रविवारी कुणी विहिरीतून पाणीसुद्धा काढत नाही, आदल्या दिवशी भरून ठेवतात. तिथे कोळसा कोण उपसणार?

"कशाला केलंस हे?" मी वर येऊन विचारलं.

"जवळ आणली बोट," फर्कर म्हणाला. "गाड्यांना वाळूतून ओढायचं अंतर कमी पडेल. लवकर होईल काम."

"अति घाई संकटात नेई."

"म्हणी राहू देत. माल ओढायच्या विंचला वाफ दे."

घाई कशाची ते मला ठाऊक होतं. फर्करची थोरली मुलगी एफी कॅनडाला निघाली होती, कायमची. तिकडे तिनं नोकरी धरली होती, एका इस्पितळात. हे तिनं घरी सांगितलं तेव्हा फर्कर जेवणाच्या ताटावरून उठला आणि म्हणाला, "जायचं तर जा. मी धक्क्यावर येणार नाही." आणि खरंच तिच्या निघण्याच्याच आठवड्यात त्यानं ही लांबची फेरी मागून घेतली. सगळा रस्ता तो तोंडाला कुलूप घालून होता. टोबरमोरीच्या पोस्टात एफीचं कार्ड पडलं होतं. त्यानं ते वाचून मला दिलं, बहुतेक त्याला दुसऱ्यांदा वाचवेना म्हणून. त्यात लिहिलं होतं: "बाबा, सोमवारी अकराला ग्रीनॉकच्या धक्क्यावरून निघणार. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी मी रागावणार नाही."

रागावणार नाही! पोरीनं चिडून चार शिव्या लिहिल्या असत्या तर तो टिकला असता. या शब्दांनी त्याची पार वाट लागली. तेव्हापासून तो जेवला नव्हता आणि झोपलाही नव्हता.

हेलसेपासून ग्रीनॉक म्हणजे आमच्या बोटीला दीड दिवस आणि वर थोडं. शनिवारी संध्याकाळी सुटलो तर सोमवारी सकाळी पोचणार. नाही सुटलो तर एफी गेली.

पाणी उतरू लागलं आणि गावाकडून गाड्या आल्या, अकराच्या अकरा. पुढे मर्डो मॅकॅस्किल, चर्चचा वडीलधारा, काळ्या कोटात. त्यानं टोपी काढली, सगळ्यांनी काढली, आणि त्यानं प्रार्थना सुरू केली. कोळशाबद्दल आभार मानले, समुद्राबद्दल मानले, बोटीबद्दल मानले. मग तो इस्राएलच्या लोकांवर गेला. माझा जीव टांगणीला लागला होता.

"त्याला तांबडा समुद्र तरी लवकर ओलांडायला सांग," मी इवनच्या कानात म्हणालो.

"पाणी अजून चाकाला आहे," इवन म्हणाला. "तसंही थांबावंच लागणार."

पाणी चाकाखाली गेलं तेव्हाच मर्डोनं आमेन म्हटलं. म्हातारा कच्चा नव्हता.

मग आम्ही सुटलो. फर्कर स्वतः पोटात उतरला, बरोबर गावचे सहा गडी. फावडी कोळशात घुसली, लोखंडी टब भरला, मी विंच सोडला, टब झोकांड्या खात वर आला, इवननं तो गाडीवर उलटा केला, धूळ उडाली, घोडं दचकलं, बायका ओरडल्या, रिकामा टब खाली. पुन्हा. पुन्हा. मला सांगायला लाज नाही, हे काम जोरात चाललं की मला नाचावंसं वाटतं. विंच गात होता, माझा बॉयलर बाळासारखा गुणी वागत होता, आणि पहिल्या तासात आम्ही असा सपाटा लावला की मला वाटलं, जमतंय.

पण गाड्या भरून गेल्या त्या परत येईनात.

"कुठे गेल्या सगळ्या?" मी विचारलं.

"घरी," कर्स्टी म्होर म्हणाली. कर्स्टी म्हणजे सहा फूट उंच विधवा बाई, वय साठ, आवाज भोंग्यासारखा. गाड्यांचा क्रम तीच लावायची. "ज्याचा कोळसा त्याच्या दारात. तिथे ओतायचा आणि परत यायचं."

"अगं पण लांबचं घर मैलभर आहे! इथेच गवतावर ओता ना. सोमवारी न्या सावकाश."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

"इथे ढीग करत नाही आम्ही," ती म्हणाली. "एकदा केला होता. विचार त्यांना."

तिनं बोट दाखवलं तिकडे दोन भाऊ उभे होते, रोरी आणि टॉर्मड. सतरा वर्षांपूर्वी गावाचा कोळसा एका ढिगात ओतला होता. वाटपात एकाच्या गाडीत मोठे खडे गेले आणि दुसऱ्याच्या गाडीत नुसती भुकटी. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. काही सांगायचंच झालं तर कुत्र्याला सांगायचे. "त्याला म्हणावं, घोडं बाजूला घे," रोरी आपल्या कुत्र्याला म्हणायचा, आणि टॉर्मड कुत्र्याकडे बघून म्हणायचा, "त्याला म्हणावं, डोळे असतील तर वळसा घाल." त्या वेळेपासून हेलसेवर नियम होता: टब बोटीतून निघाला की थेट दारात, ढीग नाही.

दुपारी एक वाजता ओहोटी पुरती उतरली. मी खाली वाकून बोटीच्या पोटात पाहिलं. निम्म्याहून जास्त कोळसा तसाच होता. गडी फावड्यांवर रेलून गाड्यांची वाट बघत होते. फर्कर एकटाच वेड्यासारखा कोळसा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला करत होता, नुसतं उभं राहवत नव्हतं म्हणून. त्याच्या अंगावर पांढरं म्हणून फक्त डोळे उरले होते.

"सांग त्यांना," मी वरून म्हणालो.

"काय सांगू?"

"एफीचं."

"माझ्या घरचं आहे ते. त्यांचा नियम त्यांचा, माझी चूक माझी. वीस वर्षं या बेटावर येतोय, कधी कुणाकडे पदर पसरला नाही."

"मग आज पसर ना, गाढवा!"

"टेलफर, तोंड सांभाळ."

मला राग लवकर येतो. इंजिनवाल्यानं वाफ कोंडून ठेवू नये असं माझं मत आहे. मी विंच बंद केला, डेकच्या कठड्यावर चढलो आणि सगळ्या वाळूला ऐकू जाईल असा ओरडलो.

"ऐका! या माणसाची पोरगी सोमवारी कॅनडाला चाललीय! कायमची! हा तिच्याशी भांडून आलाय, आणि आता त्याला तिला भेटायचंय! संध्याकाळी बोट सुटली तर भेटेल, नाही तर या जन्मात नाही! तुमच्या दारात कोळसा पोचवत बसलात तर ही बोट पंधरा दिवस इथे मेंढ्या राखेल! झालं! मला सांगायचं होतं ते सांगितलं!"

एक घोडं फुरफुरलं. पोटातून फर्करचा आवाज आला, "तुझा मुडदा बसवला, टेलफर," पण त्यात जोर नव्हता.

सगळे कर्स्टीकडे बघू लागले. का ते मला आधी कळेना. मग इवननं हळूच सांगितलं. तिचे तीन मुलगे युद्धाच्या आदल्या वर्षी असेच गेले होते, आणि ती रुसून चुलीपाशी बसून राहिली होती. किनाऱ्यावर गेली नाही. घराबाहेर आली तेव्हा क्षितिजावर फक्त धूर होता. त्यातले दोघं पुढे फ्रान्समध्ये मारले गेले.

कर्स्टी चालत बोटीशी आली. फाळक्याच्या, म्हणजे पोटाच्या तोंडाच्या, कडेला दोन्ही हात टेकून तिनं खाली पाहिलं.

"फर्कर गिलिस!"

"हं."

"हे सकाळी सांगायला तोंड शिवलं होतं काय, मेल्या? सहा तास वाया घालवलेस!" मग ती वळली. "रोरी! टॉर्मड! गाड्या गवतापाशी आणा. ढीग करायचा. इथेच. आणि ज्याला खडे आणि भुकटीवरून भांडायचं असेल त्यानं सोमवारी माझ्या दारात यावं, मी त्याला खड्यानंच उत्तर देईन!"

सगळ्यांच्या नजरा मर्डोकडे गेल्या. नियम त्यानंच केला होता. त्यानं काळा कोट काढला, घडी घालून दगडावर ठेवला, आणि फावडं उचललं.

आणि मग जे काम झालं, तसं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही! गाडी भरली की वीस पावलांवर गवत, तिथे उलटी, लगेच परत. टब खाली गेला की भरून तयार. मी विंच थांबवलाच नाही. गावातून राहिलेले लोक धावत आले, म्हाताऱ्या आल्या, पीठ लागलेल्या हातांनी बायका आल्या, मास्तर आला, मास्तरच्या मागून शाळेतली सगळी मुलं आली. गाड्या कमी पडल्या तेव्हा बायकांनी पाठीवरच्या वेताच्या टोपल्या आणल्या, ज्यांतून त्या शेताला खत म्हणून समुद्राचं शेवाळ वाहतात. कुणीतरी ओटची भाकरी आणि खारा हेरिंग मासा आणून माझ्या तोंडात कोंबला, कारण माझे हात विंचवर होते. रोरी आणि टॉर्मड एकाच टबावर जुंपले होते. कुत्र्याशी बोलायला दोघांनाही फुरसत नव्हती.

पाचच्या सुमाराला समुद्र वाळू चढत जवळ आला. सहाला तो मागच्या पंख्याशी आला. साडेसहाला गाड्यांची चाकं बुडू लागली आणि घोडी बिथरली.

"अजून किती?" मी ओरडलो.

"आठ-दहा टन!" फर्कर खालून ओरडला.

गाड्या मागे घेतल्या. बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरल्या. इवन वरून ओतायचा, त्या पाठ वळवायच्या, भरली की चालू लागायच्या. पाणी गुडघ्यावरून मांडीवर आलं, मांडीवरून कमरेला. एप्रिलचं पाणी, बर्फासारखं. एकही बाई हू की चू म्हणाली नाही. मला मात्र रडू आलं, आणि मी ते धुरावर ढकललं.

सात वाजले. भरती माथ्याला दहा मिनिटांवर. मागची बाजू तरंगायला लागली होती, डुलत होती, पण नाळ वाळूत रुतलेली.

"नांगरावर ओढ!" फर्कर धापा टाकत वर आला. सकाळच्या त्या गोंधळातही इवननं कुणी न सांगता मागचा नांगर समुद्रात टाकून ठेवला होता. त्याचा दोर विंचला गुंडाळला, मी होती नव्हती ती सगळी वाफ दिली. दोर ताणला, त्यातून पाणी पिळून निघालं. विंच कण्हला. बोट थरथरली आणि तिथेच राहिली.

"सगळे नाळेला!" कर्स्टी गर्जली.

आणि हेलसे बेट समुद्रात उतरलं. म्हातारे, तरुण, मास्तर, कमरेच्या वर पाण्यात, लोखंडाला खांदे लावून. मर्डो मधोमध होता.

"टॉर्मड, खांदा खाली घे!" रोरी ओरडला.

"घेतलाय! तू जोर लाव!" टॉर्मड ओरडला.

ते सरळ एकमेकांशी बोलले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मर्डोनं स्तोत्राची एक ओळ खड्या आवाजात धरली, सगळ्यांनी ती उचलली, आणि ओळीच्या शेवटच्या शब्दाला सगळ्यांनी एकदम रेटा दिला. विंच इवनकडे सोपवून मी खाली इंजिन उलटं फिरवत होतो, पायाखाली मला ती हललेली कळली. एक इंच. मग हातभर. मग खरखर थांबली, आणि पायाखाली ती मऊ, जिवंत डुलकी आली. तरंगली! आमची बया तरंगली! मी इंजिनखोलीत एकट्यानंच टोपी उडवली. ती बॉयलरखाली गेली ती पुन्हा सापडली नाही.

वर आलो तेव्हा फर्कर कठड्यावरून ओरडत होता, "तीन टन राहिलाय पोटात! कुणाचा?"

"माझा!" पाण्यातून कर्स्टीचा आवाज आला. "माझा शेवटचा नंबर होता!"

"पुढच्या फेरीला आणून देतो!"

"आणू नकोस! जाळ तो! चांगला खड्यांचा आहे! जोरात जाळ!"

"तू हिवाळ्यात काय जाळशील, बाई?"

"इतकी घरं आहेत ना गावात! जा आता, बडबडू नकोस!"

मर्डो ओलाचिंब उभा होता. मला राहवलं नाही. "उद्या रविवारी आम्ही बोट हाकत असणार," मी म्हणालो. "बोल लावू नका."

"त्या टोकापलीकडे तुम्ही काय करता ते मला दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "माझी नजर फार अधू आहे, टेलफर. देवाची कृपा."

त्या प्रवासाबद्दल मी एवढंच सांगतो, की «जेनेट ग्रे» जन्मल्यापासून इतकी कधी पळाली नव्हती. वाटेतला जवळच्या रस्त्याचा कॅनॉल रविवारी बंद, म्हणून किनटायरच्या टोकाला वळसा घातला. तिथे समुद्रानं आम्हाला पायमोज्यासारखं पिळून वाळत घातलं. मी भट्टी सोडली नाही. रविवारी दुपारी माझे हात उचलेनात तेव्हा फर्कर खाली आला, सुकाणू इवनच्या हाती देऊन. "सरक," म्हणाला, आणि त्यानं फावडं घेतलं. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "किती वाजले?" मी सांगायचो. तो आणखी एक फावडं टाकायचा, जसं काही घड्याळालाच कोळसा घालतोय.

"तिला काय म्हणू?" मध्येच त्यानं विचारलं.

"काहीही म्हण. फक्त पुन्हा भांडू नकोस."

"मी म्हणालो होतो येणार नाही."

"ते तिला ठाऊक आहे, फर्कर."

सोमवारी ग्रीनॉकच्या धक्क्याला लागलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. मोठं जहाज दूर नांगरलेलं, आणि लोकांना तिथे नेणारी छोटी बोट धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला शिट्टी देत होती. दोर बांधायच्या आधीच फर्करनं भट्टीपाशी फावडं टाकलं आणि उडी मारली. मी त्याच्या मागे. पन्नाशीचे दोन काळे ठिक्कर पुरुष त्या चांगल्या कपड्यांतल्या गर्दीतून धावत होते, आणि गर्दी आपले कपडे सावरत फाटत होती. त्याचा मला फार उपयोग झाला.

एफी बोटीवर चढायच्या फळीपाशी उभी होती, शेजारी तिची आई मोराग. अंगावर नवा कोट, फिकट करड्या लोकरीचा. तो मोरागनं सगळा हिवाळा बसून शिवला होता. बापाला पाहिलं तेव्हा तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही येणार नव्हता ना?"

फर्करनं तोंड उघडलं. दीड दिवस तो शब्द जुळवत होता, मी ऐकलंय. त्यानं नुसते हात पसरले आणि ती सरळ त्याच्या मिठीत शिरली. त्यानं तिला घट्ट धरलं, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून, आणि आमचा कप्तान सगळ्या ग्रीनॉकदेखत हुंदके देऊन रडला.

"पत्र लिहीत जा," शेवटी तो एवढंच म्हणाला.

"तुम्ही उत्तर द्याल?"

"देईन. मोराग लिहील. नाही, मीच लिहीन."

शिट्टी झाली. ती फळीवरून गेली, कठड्यापाशी उभी राहून आमच्याकडे तोंड करून हात हलवू लागली. तिच्या गालावर काळं लागलं होतं, ती हसत होती. मग बोट धक्क्यापासून सुटली, कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती वळली.

त्या करड्या कोटाच्या पाठीवर फर्करचे दोन्ही हात उमटले होते. दहाच्या दहा बोटं, तळव्यांसकट, डाव्या हाताची आखूड करंगळीसुद्धा.

मी ओरडायला तोंड उघडलं. मोरागनं माझ्या पायावर पाय दिला.

फर्करनंही पाहिलं होतं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "मोराग, तिचा कोट," तो म्हणाला. "नवा कोट. सगळा हिवाळा तू..."

"राहू दे," मोराग म्हणाली. "लोकरीतला कोळसा लवकर निघत नाही."

बोट मोठ्या जहाजाला जाऊन लागेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.